सोनं हिरवं दिसतं म्हणून

धुळे, २४ सप्टेंबर

भाऊ,

वाकून नमस्कार करतो. हा नुसता लिहायचा नमस्कार नाही, मी खरोखरच वाकलेला आहे. ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाईंनी तोंड जमिनीकडे ठेवूनच राहायला सांगितलं आहे. जेवायचं तसंच, झोपायचं पालथं. उजव्या डोळ्यात त्यांनी हवेचा फुगा सोडला आहे. तो तरंगून डोळ्याच्या मागच्या पडद्यावरचं भोक दाबून धरतो म्हणे, आणि मान वर केली की सरकतो. कोकिळा समोर पाट टाकून राखण करते. मी तिला म्हटलं, अगं, आबांसारख्या सोनाराच्या पोटी जन्मलो, मान खाली घालून बसायची मला सवय आहे. ती काही हसली नाही.

नाव कोरायच्या मशीनने डोळा नेला असं मी म्हणालो आणि कोकिळेबरोबर धुळ्याला आलो, तेव्हापासून तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस. दुकानाच्या फोनवर माझा आवाज ओळखलास की खाली ठेवतोस. म्हणून पोस्टाने लिहितो. पुढचं वाचायचं नसेल तर नको वाचू, एवढीच एक ओळ वाच: पुनमला त्या मशीनवरून उठव.

वहिनींनी कोकिळेला फोन केला तेव्हा बोलता बोलता हे त्यांच्या तोंडून निघून गेलं. त्यांना रागावू नकोस. त्या कौतुकाने सांगत होत्या. पुनमचं बी.कॉम. झालं, अक्षर सुंदर, आता काकाच्या जागी तीच अंगठ्यांवर नावं कोरते. कोकिळेने मला सांगितलं तेव्हा मी मान वर केली. त्या दिवशी पहिल्यांदाच केली, आणि बायकोने डोक्यात टपली मारली.

तू म्हणतोस, ज्ञानेश्वरचे डोळे आले होते. गिऱ्हाइकांना सांगतोस, त्याला साखर आहे. मी साखर तपासून घेतली, नाही. काय झालं ते तुझ्यासमोरच झालं, तरी पुन्हा सांगतो. दीपनगरच्या बाईंची अंगठी होती. मशीनचं झाकण उघडं होतं. झाकण उघडलं की लेसर आपोआप बंद पडायला हवा, पण तुझ्या सांगण्यावरून छगन इलेक्ट्रिशियनने झाकणाच्या स्विचला लोहचुंबक चिकटवून ठेवलं आहे, त्यामुळे मशीनला वाटतं की झाकण लागलेलंच आहे. अंगठी पॉलिश केलेली, आरशासारखी. मी अक्षर नीट बसलं का ते वाकून बघितलं, आणि माझ्या डोळ्यात लाही फुटल्यासारखा टच् असा आवाज झाला. दुखलं नाही. तेच तर वाईट आहे, दुखलं असतं तर तूही घाबरला असतास. पुढे सगळं नारिंगी झालं आणि मग मधोमध काळं.

आता त्याच खुर्चीवर पुनम बसते. श्रावणात कानबाई देवी मांडतो तेव्हा तिच्या नारळाला चांदीचे डोळे बसवायचं काम लहानपणापासून तिचं. तिच्याइतके सरळ डोळे घरात कुणी बसवत नाही. भाऊ, मी तुझ्या पाया पडतो, तिला उठव.

ज्ञानेश्वर

---

धुळे, दसऱ्याचा दुसरा दिवस

भाऊ,

उत्तर नाही. दसऱ्याला सोनं द्यायला तू येणार नव्हतास हे माहीत होतं, तरी काल दारात गाडी थांबली की मी उठत होतो. आता मान वर करायला परवानगी आहे.

फुगा विरघळत आला. भोक बुजलंय असं बाईंनी सांगितलं. दिसेल का, असं विचारलं तर त्या म्हणाल्या, कडेचं दिसेल. डावा डोळा झाकून मी कोकिळेकडे पाहिलं. तिचे कान दिसले, खांदे दिसले, मागचं कॅलेंडर दिसलं. तोंडाच्या जागी धूर. नंतर स्वयंपाकघरात तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला होता.

वहिनींचा पुन्हा फोन आला होता. त्यांना वाटलं मी खुश होईन: "काळजी करू नका भाऊजी, पुनम आता चष्मा लावून बसते." मी विचारलं कसला चष्मा. तर फुले मार्केटसमोरच्या गाडीवरचा काळा गॉगल.

भाऊ, काळी काच उन्हासाठी असते. लेसरच्या न दिसणाऱ्या उजेडाला ती काहीच अडवत नाही, उलट अंधार वाटला म्हणून डोळ्याची बाहुली आणखी मोठी होते आणि जास्तच आत घेते. त्या उजेडाची काच वेगळी, तिच्यावर नंबर लिहिलेला असतो. कंपनीच्या माणसाने मशीनबरोबर तसा एक चष्मा दिला होता. तो गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये दागिन्यांच्या डब्यांमागे पडला आहे. मी लावायचो तेव्हा तूच म्हणालास, चष्म्यातून सोनं हिरवं दिसतं, सोनाराला सोन्याचा रंग कळेना तर तो कसला सोनार.

आणि झाकणाचंही तेच. झाकणाच्या काचेतूनही सोनं हिरवं दिसायचं. पाचोऱ्याची म्हातारी काय बोलली होती आठवतं? "मन्हं सोनं हिरवं कसाले दिखस? बदली तं नही टाकं?" सोनं बदलल्याचा तो संशय ऐकून तू त्या दिवशी जेवला नाहीस. आबांनी दुकानावर पाटी लावली, आपलं सोनं डोळ्यांसमोर, आणि उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाचा दागिना त्याच्या नजरेआड नेला नाही. तुला वाटलं, झाकण लावलं तर आबांचा शब्द जातो. दुसऱ्या दिवशी छगन लोहचुंबक घेऊन आला.

मला तुझा राग येतो, पण तुझं दुःख कळत नाही असं समजू नकोस. जळगावच्या सोन्याचं नाव आपल्यासारख्यांनीच राखलं आहे. फक्त आबांनी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचा विचार केला होता, आपल्या पोरीचे डोळे त्यात जातील हे त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांच्या वेळी फुंकणी होती आणि दिवा होता. त्यांचा उजेड दिसत तरी होता.

तो ड्रॉवर उघड. एवढंच कर.

ज्ञानेश्वर

---

धुळे, १२ ऑक्टोबर

भाऊ,

धनत्रयोदशी आली. मला माहीत आहे, या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि नाव कोरून घ्यायला रांग लागते. पुनम सकाळपासून रात्रीपर्यंत त्या उघड्या झाकणावर वाकून बसेल. गर्दी जितकी जास्त तितकी वाकायची घाई जास्त. माझं तसंच झालं होतं.

मी रात्री झोपत नाही. डोळा मिटला तरी तो काळा ठिपका जात नाही. त्याच्या मधोमध हल्ली पुनम दिसते. कोकिळा म्हणते, मन दुसरीकडे वळवा. कुठे वळवू?

झाकण लावायचं नसेल तर नको लावू. चष्मा नको असेल तर नको. लोहचुंबक राहू दे. फक्त खुर्चीवरचं माणूस बदल. मला परत बसव.

मी डोकं फिरल्यासारखं बोलतोय असं वाटेल, पण विचार करून लिहितो. माझा एक गेलेलाच आहे. डाव्याने काम होतं, मी घरी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं आखून बघितली. गिऱ्हाइकांना सांग, भावाची साखर उतरली. मी कुणाला खरं सांगणार नाही. तुझ्या शेजारी बसून मान डोलवीन. दिवाळी होईपर्यंत बसव, मग हाकलून दे.

कोकिळेला यातलं काही कळता कामा नये. तिला मी सांगितलंय की पारोळ्याच्या मामांना पत्र लिहितोय. कळलं तर ती मला घराबाहेर पडू द्यायची नाही, आणि तिचं चुकतंय असंही नाही. बाईंनी बजावलं आहे, आता डावा सांभाळा, तो एकच आहे. पण भाऊ, पुनमचे दोन आहेत. तिचं लग्न व्हायचंय, तिला अजून किती बघायचंय. मी बऱ्यापैकी बघून घेतलं आहे.

एकदा फोन कर. बोलू नको हवं तर, नुसती रिंग दे. मी पहिल्या एसटीने निघतो.

तुझा,
ज्ञानेश्वर

---

धुळे, २० ऑक्टोबर

भाऊ,

पुनम माझ्याकडे आहे. सुखरूप आहे, जेवली आहे, आत कोकिळेजवळ झोपली आहे. काल मी तिला डोळ्यांच्या बाईंकडे नेलं. औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि बाईंनी बराच वेळ आत बघितलं. बाहेर मी बाकावर बसून काय काय नवस बोललो ते कानबाईलाच माहीत. दोन्ही पडदे स्वच्छ आहेत. बाई म्हणाल्या, नशीब. मी तिथेच रडलो, लाज वाटली नाही.

तू रिंग दिली नाहीस म्हणून मी आलो. दुकानाच्या अब्रूला धक्का लावायचं मनात नव्हतं, हे तुला खरं वाटणार नाही. आधी दारात उभा राहिलो. पुनम त्या काळ्या गॉगलमध्ये मशीनवर इतकी वाकली होती की तिचं नाक झाकणाच्या आत होतं. समोर धुरपदाबाई बसलेल्या, तीच पाचोऱ्याची म्हातारी. मग माझे पाय कसे आत गेले ते मला कळलं नाही. मी झाकण खाली ओढलं.

धुरपदाबाई म्हणाल्या, "हाई काय? आते पुन्हा हिरवं?"

मी म्हणालो, "अक्का, हिरवं दिखस तेच बरं शे." आणि डावा डोळा हाताने झाकला. "तुम्ही मन्हा समोर बठेल शेत. मला तुमचा पदर दिसतो, हातातली पिशवी दिसते. तोंड दिसत नाही. तुम्ही हसता की रागावता, मला कळत नाही. या मशीनने केलंय हे."

तू गल्ल्यामागून म्हणालास, "त्याले साखर शे." मग माझ्याकडे न बघता, नेहमीचंच: "जो उजेड दिखसच नही, तो डोयाले लागी कसा?"

भाऊ, या प्रश्नाचं उत्तर मी बाईंकडून शिकून आलो होतो. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो. डोळ्यात तसंच भिंग आहे. दिसो न दिसो, जो उजेड आत जातो तो भिंग एका टाचणीच्या टोकावर गोळा करतं. डोळा उजेडाला घाबरून मिटतो, पण दिसलाच नाही तर मिटणार कसा? एवढं सगळं मला बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "भाऊ, पोरगी आहे रे आपली."

धुरपदाबाई उठल्या. त्या काय म्हणाल्या ते तू ऐकलंस, तरी लिहितो, कारण मला ते पुन्हा पुन्हा आठवतं. "मन्हं सोनं हिरवं दिखी तं दिखू दे. पोरना डोया संभाया."

तिथेच सगळं मिटलं असतं. पण मागचे दोघं आपापली डबी उचलून बाहेर पडले, आणि मी तुझं तोंड पाहिलं. ते बघायला माझा एक डोळा पुरला. धनत्रयोदशीला गिऱ्हाईक पायरी उतरून गेलं, हे आबांच्या वेळीही झालं नव्हतं. तू म्हणालास, "निंघ." पुनमने गॉगल काढून काउंटरवर ठेवला, पर्स घेतली आणि माझ्याआधी बाहेर पडली. एरंडोल येईपर्यंत ती एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "काका, पप्पा एकटे पडतील."

तिला मी पळवून आणलेलं नाही. तू बोलावशील त्या दिवशी येईल. फक्त त्या खुर्चीवर बसणार नाही.

ज्ञानेश्वर

---

धुळे, ९ नोव्हेंबर

भाऊ,

हे पत्र कुरियरने पाठवतो, आणि वहिनींनाही सांगितलं आहे की तुझ्या हातात द्या आणि वाचेपर्यंत समोर उभ्या राहा.

वहिनींचा फोन आला. आधी त्या नुसत्याच रडत होत्या. मग म्हणाल्या, पुनम गेल्यापासून तूच मशीनवर बसतोस. झाकण उघडं टाकून. मुद्दाम. कुणी काही बोललं तर म्हणतोस, मी बसतो, बघू मला काय होतं ते. आणि काल दुपारी तू एकदम मागे सरकलास, हात डोळ्यावर, आणि विचारलंस, "हाऊ टच् कशाना व्हयना?"

भाऊ, तो आवाज बाहेरून कुणालाच येत नाही. तो आतला असतो.

वहिनींनी गुलाबपाणी घातलं म्हणे. आता काही घालू नका. चोळू नकोस. पट्टी बांधून आपोआप बरं व्हायची वाट बघू नकोस. मी तसाच तीन दिवस घरी पडून राहिलो, कारण तू म्हणालास डोळे आले असतील, आणि मलाही तेच खरं असावं असं वाटत होतं. तू तेच करतो आहेस. वहिनी सांगतात, तू अंथरुणात भिंतीकडे तोंड करून पडलास आणि म्हणालास, धूळ गेली.

एक कर. अंथरुणातून उठ, दुकानासमोर रस्त्यावर जा. चांगला डोळा झाक आणि आबांच्या पाटीकडे बघ. "आपलं" दिसेल. "डोळ्यांसमोर" दिसेल. मधला शब्द दिसतो का, एवढंच बघ. मी धनत्रयोदशीला आत येण्याआधी रस्त्यावर उभा राहून बघितलं होतं. मला दिसला नाही.

मला जिंकायचं नाही. मी खरा ठरावा म्हणून कधीच लिहिलं नाही. तू खरा ठरला असतास, माझी साखरच निघाली असती, तर मी गावभर पेढे वाटले असते. हट्टाने तू माझ्यावर सूड घेतलास असं वाटत असेल, तर घेतलास, भरून पावलो. आता डॉक्टरकडे चल. मी तुला चालत नसेन तर नको, पुनम येते. ती आत्ता बॅग भरते आहे. दार उघड तिला.

आपल्या आबांना तू एकदा सांगितलं होतंस, धाकट्याला मी सांभाळीन. सांभाळलंस. शाळेत, दुकानात, माझ्या लग्नात. आता माझी पाळी येऊ दे ना.

ज्ञानेश्वर

---

धुळे, दवाखान्याचा व्हरांडा, १६ डिसेंबर

भाऊ,

हे तुला पुनम वाचून दाखवेल. तू भिंतीपलीकडे आहेस, तोंड जमिनीकडे घालून, कपाळ उशीवर. माझा आवाज ऐकला की तू मान वर करशील, भांडायला का होईना. म्हणून मी बाहेर बाकावर बसून लिहितो. तू सगळ्या जळगावात मान वर करून चाललास, मला त्याचा अभिमान होता. आता धाकटा भाऊ सांगतो, मान वर करू नकोस.

पाटीवरचा शब्द दिसला नाही म्हणून तू आलास, असं वहिनी म्हणाल्या. आल्यावर माझ्याशी बोलला नाहीस. ठीक आहे. सोबत माझा जुना पाट आणला आहे, त्यावर वाकून बसायला बरं पडतं. मध्ये एक खाच आहे, तिथे कपाळ बसतं.

उशिरा आलास, असं बाई म्हणाल्या. हे तुझ्यापासून लपवणार नाही. भोक बुजेल, पण माझ्यासारखंच राहील. दुसरा डोळा मात्र चांगला आहे, आणि तो तसाच राहायला हवा. काल मी जळगावला जाऊन आलो. छगनला बोलावलं, त्याने लोहचुंबक काढलं. काढताना तो रडत होता, म्हणाला, अमृतभाऊ सांगतील ते मी करायचो. त्याला काही बोलू नकोस. झाकण लावलं. ड्रॉवरमधला चष्मा बाहेर काढून मशीनच्या खुंटीला टांगला. आबांच्या पाटीला कुणी हात लावला नाही. पुनमने तिच्या सुंदर अक्षरात एक कागद लिहून खाली चिकटवला आहे: झाकणाच्या काचेतून सोनं हिरवं दिसेल. ते तुमचंच आहे. धुरपदाबाई वाचून हसल्या आणि बसून राहिल्या.

दुकान सध्या वहिनी बघतात. तू बरा होऊन ये आणि तुझ्या गल्ल्यावर बस. मी शेजारी बसेन किंवा बसणार नाही, तू म्हणशील तसं.

आता एक गोष्ट सांगतो, डॉक्टर ती सांगत नाहीत, ती आपली आपल्याला शिकावी लागते. फुगा विरघळेल, आणि एक दिवस तू चांगला डोळा झाकून सगळ्यांना बघशील, मी बघितलं तसं. थांबवणार नाही, सगळेच बघतात. तेव्हा ज्याच्याकडे सरळ बघशील तोच दिसणार नाही. घाबरू नकोस. नजर थोडी बाजूला टाकायची. कोकिळेचं तोंड बघायचं असलं की मी तिच्या कानाकडे बघतो.

म्हणजे मला बघायचं असेल, तर माझ्याकडे बघू नकोस. धनत्रयोदशीला बघितलं नाहीस तसंच, माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघ. मी तिथेच उभा असेन, दिसेन तुला.

ज्ञानेश्वर